काकांचे पॅनेल आणि आमचं जांभूळ

कुंपणापलीकडून शेजारच्या काकांनी हाक मारली तेव्हा मला वाटलं, पुन्हा पानांचा विषय. आमच्या जांभळाची पानं त्यांच्या पन्हळीत अडकतात, ही जुनीच तक्रार. पण या वेळी ते फोन घेऊन आले होते. गच्चीवर नवे सौर पॅनेल बसवलेत, त्यांच्या दिवसभराच्या विजेचा आलेख त्यावर होता. सकाळपासून चढत गेलेली रेघ साडेअकराला धपकन खाली यायची ती दोनपर्यंत तिथेच.

"जांभूळ आणि सिल्व्हर ओक, दोन्हींचे शेंडे दहा-दहा फूट उतरव. खर्च माझा."

राग आला, खोटं कशाला बोलू. झाडं आधीची, पॅनेल नंतरचे. हे अगदी जिभेवर आलं होतं, पण "बघते" एवढंच म्हणून आत आले. रात्री डोकं शांत झाल्यावर लक्षात आलं की काकांना झाडांची उंची नकोशी नाहीये, त्यांना दुपारचं ऊन हवंय.

रविवारी खडू घेऊन त्यांच्याच गच्चीवर गेले. सकाळी नऊपासून दर अर्ध्या तासाला फरशीवर सावलीच्या कडा आखल्या आणि शेजारी वेळ लिहिली. काकू मध्येच येऊन म्हणाल्या, "लंगडी खेळताय की काय!" दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. सिल्व्हर ओकची सावली पॅनेलपर्यंत पोचतच नव्हती. गुन्हेगार जांभूळ, आणि त्यातही काकांच्या बाजूला झुकलेल्या तीन उंच फांद्या. त्यांचं घर आमच्या उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दुपारची सावलीही लांब पडते. उन्हाळ्यात ती आपोआप आखडते. पॅनेल एकमेकांना माळेसारखे जोडलेले असले की एकावर सावली आली तरी सगळ्या रांगेची वीज घटू शकते, म्हणून एवढ्याशा फांद्यांनी एवढा मोठा खड्डा.

फांद्या कापायला पहिला माणूस आला, त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. "शेंडा उडवतो, दोन तासांचं काम." त्याला परत पाठवलं. शेंडा सपाट उडवला की झाड घाबरल्यासारखं त्या जागी झुडुपभर फुटवे काढतं. ते भराभर वाढतात, त्यांची पकड वरवरची असते आणि वाऱ्यात तेच आधी मोडतात. मोठ्या उघड्या कापातून कूज आत शिरते ती वेगळीच. शिवाय दोन-चार वर्षांत उंची होती तिथे! काकांना हे पटवायला दोन संध्याकाळी लागल्या. त्यांचा मुद्दा एकच, "मग पुन्हा उडवू." फुटव्यांची दाट सावली आत्ताच्यापेक्षा वाईट पडेल, हे म्हटल्यावर मात्र ते गप्प झाले.

दुसरा माणूस आला तो आधी झाडाभोवती फिरला, घरटी आहेत का ते पाहिलं, मग विचारलं, "कापायचं कशासाठी?" तिथेच मी निश्चिंत झाले. त्याने सांगितलेलं असं: फांदी मध्येच तोडायची नाही, तिच्या किमान एक तृतीयांश जाडीची उपफांदी जिथे फुटली असेल तिथपर्यंत मागे आणायची, म्हणजे वाढ तिकडे वळते. आणि एका वेळी झाडाचा पाव भागापेक्षा जास्त हिरवा पसारा काढायचा नाही.

परवानगीचं थोडक्यात सांगते, कारण त्यात मजा काही नाही. नुसत्या छाटणीलाही बऱ्याच ठिकाणी ती लागते, आम्हालाही लागली. फोटो, अर्ज, वाट पाहणं. तेवढ्यात मी आणि काकांनी एका कागदावर लिहून घेतलं: कोणत्या तीन फांद्या, पैसे कोण देणार, पालापाचोळा कोण उचलणार, कौल फुटलं तर काय. शेजाऱ्यांत कसलं लिहिणं, असं त्यांना वाटलं, पण सही केली.

प्रत्यक्ष काम पाहण्यासारखं होतं. दोन फांद्या उपफांदीपर्यंत आखूड झाल्या, तिसरी खोडापासूनच काढावी लागली. तिला आधी खोडापासून फूटभर लांब, खालच्या बाजूने अर्धवट काप. मग त्याच्या थोडं पुढे वरून, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. उरलेला खुंट शेवटी कापायचा, पण फांदीच्या मुळाशी जो फुगीर गळा असतो त्याला धक्का न लावता. काकांनी डांबर आणून ठेवलं होतं, ते तसंच परत गेलं. ॲलेक्स शायगो या अमेरिकी वनशास्त्रज्ञाने असंख्य झाडं चिरून पाहिली आणि दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, आतून भिंत घालून वेगळी पाडतं. ती भिंत त्या गळ्यापाशीच उभी राहते. वरून लेप फासून कूज थांबत नाही.

काकांच्या आलेखातला खड्डा बुजला नाही. सव्वाबारा ते एक असा उरलाय. "अजून एक फांदी?" असं त्यांनी लगेच विचारलं, आणि मी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा खडू घेऊन यायचं कबूल केलंय.

परवा गच्चीवरून हाक आली. "अगं, कापलेल्या जागी चार फुटवे आलेत. एक ठेवून बाकीचे खुडायचे ना?" मला अंगणातून एकही दिसत नव्हता.