ऊसगाडीचा बैल लंगडतोय का, हे कसं ओळखायचं

जू उतरवून बैल कडक, सपाट जमिनीवर दहा-बारा पावलं सरळ चालवा. कासरा ढिला ठेवा, नाहीतर मानेची हालचाल दिसत नाही. आधी बाजूनं बघा, मग मागून. मऊ मातीत किंवा उसाच्या पाचटावर हलकं लंगडणं लपून जातं.

पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा दुखत असेल तर पाठीला बाक येतो, पाऊल आखडतं. उभा असताना बैल एकच पाय सारखा उचलून धरत असेल, तर तोही इशाराच.

पाय वर घेऊन खूर धुवा. दोन्ही खुरांमधली भेग, टाच, तळवा नीट तपासा. घाण वास आणि खुराच्या वर दोन्ही बाजूंना सारखीच सूज असेल तर खूर सडतोय. पत्री (बैलाच्या खुराला ठोकायची नाल) मारल्यावर लगेच किंवा काही दिवसांत लंगडणं सुरू झालं, तर खिळा जिवंत भागात गेल्याचा संशय धरा; खिळे एकेक काढून भोकातून पू येतो का पाहा. तोंडातही फोड असतील तर लाळ्या खुरकूत, हा साथीचा रोग. तो बैल लगेच वेगळा बांधा.

थंडीत सकाळी मागचा पाय मागे ताणून राहत असेल, खूर घासत झटका देत पुढे येत असेल, तर गुडघ्याची वाटी अडकते. त्यावर लहानशी शस्त्रक्रिया असते, ती पशुवैद्यकाकडूनच करून घ्या.

वेदनाशामक टोचून लंगडा बैल गाडीला जुंपणं हा निव्वळ छळ आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक तर जनावरांसाठी २००६ पासून बंदच आहे.