फुटलेली कोणती आणि जोडलेली कोणती

शनिवारी दुकान उघडून अर्धा तासही झाला नव्हता, तेवढ्यात तो आला. डाव्या तळहाताला जाड पट्टी, उजव्या हातात रायफलची लांब पिशवी, मागे चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाला, "ही तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडूनच घेतली. काल फुटली. घरी मी स्वतः जोडलेली दुसरी गाडीत आहे, तिला आजवर काही झालं नाही. आता विकतची नको. लोअर दाखवा, हीपण मीच जोडतो."

मी टेक्सासमध्ये बंदुकांच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर काम करतो. वडील वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसांच्या तपासणीला होते, त्यामुळे गेज, म्हणजे माप तपासायचा साचा, हा शब्द आमच्या घरात भाजी-भाकरीसारखा. 'घ्यायची की जोडायची' हा प्रश्न इथे रोजचा आहे, कारण एआर-१५ ची रचनाच तशी आहे. १९५० च्या दशकात युजीन स्टोनरने आखलेली ही रायफल दोन पिना ढकलल्या की दोन भागांत सुटते. खालचा, चाप असलेला लोअर, वरचा नळीचा अपर. कायद्याने बंदूक म्हणजे फक्त लोअर. अनुक्रमांक त्यावर असतो, ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म आणि खरेदीदाराच्या पार्श्वभूमीची तपासणी त्याच्यासाठीच. नळी, नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट, दस्ता हे सगळं इथे पार्सलने घरी येतं. भारतातून आलेल्या पाहुण्यांना हे खरंच वाटत नाही.

माझं मत विचाराल तर पहिली रायफल तयारच घ्यावी. जोडण्यात पैसे वाचतात हा समज जुना झाला. साधी तयार रायफल पाचशे-सहाशे डॉलरला मिळते, आणि सुटे भाग, टॉर्क रेंच, शिकंज्यात धरायचा ठोकळा यांची बेरीज केली की तेवढेच होतात. शिवाय कारखान्याची हमी असते, आणि विकायला काढली तर घरी जोडलेलीला भाव कमी येतो. आपल्याला नळी कोणती हवी, चाप किती हलका हवा हे कळायला लागलं की मग खुशाल जोडावी. त्यातलं समाधान मी नाकारत नाही, माझी स्वतःची तशीच आहे.

पण त्या दिवशीचं प्रकरण वेगळंच निघालं.

अपर दोन्ही बाजूंनी फुगला होता. बोल्ट ज्यात बसतो त्या कॅरिअरला चीर. मॅगझिनचा, म्हणजे काडतुसांच्या पेटीचा, तळ उडालेला, त्याच्याच चिपा त्याच्या तळहातात घुसल्या होत्या. दुकानाच्या मालकाने नळीच्या तोंडातून पितळी सळई घातली, ती चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, अलीकडेच अडली. ठोकून काढलं तर पेन्सिलीसारखी लांबुडकी झालेली गोळी बाहेर पडली. बोल्टला काडतुसाच्या पुंगळीचं बूड चिकटून बसलं होतं. भिंगाखाली धरलं. पितळ वितळल्यासारखं पसरलं होतं, पण कडेला तीन आकडे वाचता येत होते: ३००.

मी विचारलं, "घरी जोडलेली कोणत्या काडतुसाची?"

".३०० ब्लॅकआउट." बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला.

फुटलेली रायफल ५.५६ नावाच्या काडतुसाची. ब्लॅकआउटचं काडतूस ५.५६ च्याच पुंगळीवरून, ती आखूड करून बनलं. २०११ मध्ये त्याला अमेरिकेत अधिकृत प्रमाण मिळालं. बूड तेच, बोल्ट तोच, मॅगझिन तेच. फरक गोळीच्या जाडीत. ती ७.८ मिलिमीटरची, ही नळी ५.७ ची. एखादी गोळी दाबानं पुंगळीत मागे सरकते, बोल्ट बंद होतो, आणि पुढे दारूच्या दाबाला वाट राहत नाही. कारखान्याचा दोष नव्हता, त्याच्या जोडणीचाही नव्हता. दोन्ही रायफली चोख होत्या. एकाच कपाटात दोन काडतुसं आणि सारखी दिसणारी काळी मॅगझिन, एवढंच घडलं होतं. वडील म्हणायचे, काडतूस डोळ्यांनी ओळखू नकोस, गेजमध्ये घालून बघ. लहानपणी मला तो नुसता कारखान्याचा शिरस्ता वाटायचा.

तो स्टुलावर बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "पुढची गोळी ही झाडणार होती."

मुलगी काही बोलली नाही. मालकानं तिला पाणी दिलं.

लोअर मी त्याला विकला नाही. फुटलेल्या रायफलचा लोअर मॅगझिन जिथे खोचतात तिथे तडकला होता, तो बाद. त्यानं घरी जोडलेला लोअर शाबूत होता, काम नीटनेटकं होतं, तसं मी त्याला सांगितलंही. त्यावर कारखान्यातून तपासून आलेला ५.५६ चा तयार अपर बसवायचा आणि ब्लॅकआउटचा अपर विकून टाकायचा असं ठरलं. घरात एकच काडतूस. फॉर्मही भरावा लागला नाही.

मग मी त्याला गाडीतली सगळी मॅगझिन आणायला सांगितली. अकरा होती. मी काउंटरवर दोन काडतुसं शेजारी उभी केली आणि मुलीला फरक दाखवला, पुंगळीचा खांदा कुठे येतो, गोळी किती जाड. तिनं एकेक मॅगझिन रिकामं करून दोन ढीग लावायला घेतले. बाप बाजूला उभा राहून बघत होता.

'५.५६' अशी पट्टी चिकटवलेल्या एका मॅगझिनमध्ये तिला आणखी चार सापडली.