गॅस्टन मोटेलची ३० नंबर खोली

अमेरिकेत अटलांटाहून अलाबामातल्या बर्मिंगहॅमला मी टूरची गाडी नेतो, अडीचेक तासांचा रस्ता. त्या दिवशी गाडीत सोलापूरकडची मंडळी होती. ए. जी. गॅस्टन मोटेलसमोर उतरलो तर एक काका म्हणाले, "अहो, हे तर साधं लॉज दिसतंय, इथे काय बघायचं?"

म्हटलं काका, लॉजच आहे. १९५४ मध्ये गॅस्टन नावाच्या काळ्या उद्योजकाने बांधलं, कारण गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्या माणसाला खोलीच मिळायची नाही. इथल्या ३० नंबरच्या खोलीत १२ एप्रिल १९६३ ला, गुड फ्रायडेला, मार्टिन ल्यूथर किंग सहकाऱ्यांबरोबर बसले होते, वर्णभेदाविरुद्धच्या मोर्चाला कोर्टाने बंदी घातलेली, शेकडो लोक तुरुंगात आणि जामिनाचे पैसे संपलेले. बाहेर राहून पैसे जमवायचे की स्वतःच अटक करून घ्यायची? किंग आतल्या खोलीत गेले आणि बाहेर आले ते सूट उतरवून, जीन्सचे कामाचे कपडे घालून. काळ्या लोकांचा ईस्टरच्या खरेदीवर बहिष्कार होता ना, नवे कपडे घ्यायचेच नाहीत. मग मोर्चा निघाला आणि अटक झाली. ११ मेच्या रात्री ह्याच खोलीखाली बॉम्ब फुटला, किंग तेव्हा अटलांटाला गेलेले म्हणून वाचले.

बाजूला एक काळ्या आजी उभ्या होत्या. आम्ही कुठून आलो विचारलं आणि मग सांगायला लागल्या, मे ६३ मध्ये त्या शाळेत होत्या, मोर्चाला जाऊ नये म्हणून गेटला कुलूप लावलेलं तर पोरं कुंपणावरून उड्या मारून गेली, तुरुंग भरला म्हणून ह्यांना जत्रेच्या मैदानावर कोंडलं. मी वाक्यावाक्याला मराठीत सांगत होतो आणि मध्येच माझाच आवाज बसला. काकांनी टोपी काढली आणि त्यांना वाकून नमस्कार केला.

हे मोटेल कित्येक वर्षं रिकामं पडून होतं. जानेवारी २०१७ मध्ये ओबामांनी हा भाग नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे राष्ट्रीय स्मारक, जाहीर केला. अटलांटात किंग यांचं जन्मघर आणि ते जिथे पाद्री होते त्या एबेनेझर चर्चचा परिसर १९८० पासून सरकारी संरक्षणात होता, २०१८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून त्याला नॅशनल हिस्टॉरिकल पार्क केलं आणि चळवळीचं ऑफिस होतं ती प्रिन्स हॉल मेसोनिक टेम्पलची इमारतही हद्दीत घेतली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नुसता पुतळा उभारला तर माणूस कळतो, पण चळवळ कशी चालली, पैशाची ओढाताण कुठे झाली, ते कळायला अशा खोल्या आणि ऑफिसंच लागतात.

आता ह्या टूरमधला मॉलचा स्टॉप मी काढून टाकलाय, तो सगळा वेळ इथे देतो.