फिरोजीचा विटकरी: चोर सापडला, आता त्याला भाजायचा आहे

मंडळी, फिरोजी परत फिरोजी यायला लागला! काल किल्न (मण्यांची भट्टी) उघडली तर सगळे मणी स्वच्छ, एकावरही ती विटकरी साय नाही. पावसाळ्यात माझे फिरोजी काचेचे मणी विटकरी पडायला लागले, हे मागच्या नोंदीत सांगितलं होतं. ती वाचून निम्म्या लोकांनी काचेवर संशय घेतला होता, उरलेल्यांनी माझ्या हातावर. दोघंही निर्दोष सुटले आहेत.

एफेत्रे या इटालियन काचेची 236 नंबरची ही फिरोजी कांडी त्याच गठ्ठ्यातली, ज्याने उन्हाळ्यात सुरेख मणी दिले होते. पावसाळा लागला आणि तीच कांडी ज्योतीत वितळतानाच तपकिरी पडायला लागली. मणी सळीवर असतानाच रंग गेलेला दिसायचा, म्हणजे नंतरचं 510 अंशांवरचं अ‍ॅनीलिंग (भट्टीत ठेवून हळूहळू थंड करणं) बाद. सळीवरचा लेप बदलून पाहिला, फरक शून्य. रसायन साधं आहे. काचेतलं तांबं ऑक्सिजन भरपूर असताना निळं राहतं आणि ज्योत गॅसकडे झुकली की पृष्ठभागावर लाल होतं. म्हणजे ज्योत रिड्यूसिंग होती. पण नॉब तिथेच, माझ्या मायनर टॉर्चच्या तोंडावरचे ज्योतीचे शंकू वरवर पाहता तसेच टोकदार. (टॉर्चबद्दल मी एक शब्द ऐकून घेणार नाही. मायनर म्हणजे मायनर.)

इथे आपल्या एलपीजीचा एक मुद्दा. परदेशी पुस्तकांतली गणितं प्रोपेनवर बेतलेली असतात. आपल्या सिलिंडरात ब्युटेनही भरपूर. एक लिटर प्रोपेन पूर्ण जळायला 5 लिटर ऑक्सिजन लागतो, ब्युटेनला साडेसहा. माझं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) मिनिटाला 5 लिटर देतं, शुद्धता 93 टक्के धरली तर खरा ऑक्सिजन साधारण 4.65 लिटर. ब्युटेन धरलं तर त्यावर जेमतेम पाऊण लिटर गॅस जळेल, बाकीचं आजूबाजूच्या हवेच्या भरवशावर. शुद्धता 80 वर आली की गॅस सहा दशांश लिटरच्या आसपास येतो, शिवाय जादा नायट्रोजन ज्योत थंड करतो तो वेगळाच. साध्या काचेला हे जाणवत नाही. तांब्याच्या काचेला लगेच जाणवतं.

मग कंट्रोल लावला. लॅब सुटली तरी ही खोड सुटत नाही. भोसरीहून ऑक्सिजनचा 7 घनमीटरचा सिलिंडर भाड्याने आणला. तीच कांडी, तीच सळी, तोच गॅस, फक्त नळी बदलली. पहिलाच मणी निळाशार निघाला. नळी परत कॉन्सन्ट्रेटरला लावली की विटकरी. पुन्हा सिलिंडर, पुन्हा निळा. यंत्रावरचा दिवा मात्र पूर्ण वेळ हिरवा! त्या दिव्याची मर्यादा रुग्णासाठी ठरवलेली आहे, फिरोजी मण्यासाठी नाही.

आता यातली गंमत. कॉन्सन्ट्रेटरच्या पोटात झिओलाइटच असतं, म्हणजे सूक्ष्म छिद्रांत वायू धरून ठेवणारे खनिजाचे दाणे. दोन नळकांडी आळीपाळीने दाबाखाली येतात, झिओलाइट हवेतला नायट्रोजन धरून ठेवतं आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब सोडला की नायट्रोजन बाहेर, तोच तो फुस्स आवाज. ज्या पदार्थाचे आलेख काढण्यात माझं तारुण्य गेलं, तो पदार्थ मी नोकरी सोडून मणी करायला बसले तरी पाठ सोडायला तयार नाही. आमच्या मावशी म्हणायच्या, "पीएच.डी. करून मणी ओवणार का गं?" मावशी, बघा, थिसिस कामाला आला.

झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाणी कितीतरी जास्त प्रिय. यंत्र चालू असताना बराचसा ओलावा त्या फुस्सबरोबर निघून जातो. बंद पडून राहिलं की तो हळूहळू आत मुरतो. माझं यंत्र 2021 च्या कोविडच्या लाटेत कोणीतरी घेतलेलं, नंतर कपाटात पडलेलं, आणि मला विकणाऱ्याने "सर्व्हिस केलेलं" म्हणून गळ्यात मारलेलं. सर्व्हिस म्हणजे फिल्टर झटकला असावा. त्यावर पुण्याचा जुलै. झिओलाइट पाण्यानेच भरलं, मग नायट्रोजन धरायला जागा कुठली आणि शुद्धता कुठली!

सिलिंडरवरच कायम जायचं असं ठरवून ही नोंद लिहायला बसले होते. मिनिटाला 5 लिटर धरलं तर 7 घनमीटर साधारण तेवीस तास पुरतो, म्हणजे अगदी परवडत नाही असं नाही. पण तो धूड जिन्यावरून चढवणं, साखळीने बांधणं, रेग्युलेटरजवळ तेलाचा थेंबही नको म्हणून जपणं... आणि लिहिता लिहिता डोक्यात आलं की ओलं झिओलाइट भाजून परत कोरडं होतं! आम्ही लॅबमध्ये हेच तर करायचो. साडेतीनशे अंश पुरतात आणि तेवढं देणारी किल्न माझ्या टेबलावर आहे.

तेव्हा बेत बदलला. नळकांडी उघडायची (आत दाबलेली स्प्रिंग असते, तोंड जवळ नेऊ नका), दाणे स्टीलच्या ताटात पातळ पसरायचे, तापमान अगदी हळू चढवायचं. घाई केली तर सुटणारी वाफच गरम दाण्यांची रचना मोडते, आणि यातलं लिथियमवालं झिओलाइट या बाबतीत नाजूक. गरम असतानाच घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरायचं, नाहीतर पुण्याची हवा तासाभरात केलेलं सगळं पाण्यात घालवेल. मास्क हवाच, धूळ वाईट असते.

आधी हवा आत घेतानाच सिलिका जेलने वाळवावी असा विचार होता. गणित मांडलं: 5 लिटर ऑक्सिजनसाठी मिनिटाला निदान 50 लिटर हवा, पावसाळी दिवसात घनमीटरमागे वीस-बावीस ग्रॅम पाणी. तासाला साठ-सत्तर ग्रॅम पाणी, म्हणजे पाव किलोच्या आसपास जेल दर तासाला ओलं. मणी कमी आणि जेल वाळवणं जास्त. बाद.

या सगळ्या धांदलीत एक काम मात्र झकास झालं. मामेबहिणीच्या मंगळसूत्रासाठी मोठे काळे मणी हवे होते. एफेत्रेचा 064 नंबरचा काळा पातळ ओढला की जांभळा दिसतो, खरा तो गडद जांभळाच. उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरहून आणलेली काळी कांडी पातळ धाग्यातही काळी राहिली. तिच्यावर सीओई (तापल्यावर काच किती प्रसरते त्याचा आकडा) लिहिलेला नव्हता, म्हणून दोन्ही काचा जोडून धागा ओढला. थंड झाल्यावर तो पुरदिलनगरच्या बाजूला वाकला, म्हणजे तीच जास्त आकसते. एफेत्रेच्या 104 सीओईच्या काचेवर चढवायची नाही, एवढं कळलं. पण नुसत्या काळ्या मण्यात दुसरी काच कुठे असते? एकसारखे, गुळगुळीत, भोकाच्या दोन्ही कडा आत वळलेले मणी निघाले. बहीण खूश, आणि मीही त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत बसले.

भाजणी रविवारी. कोणी ही नळकांडी आधी उघडली असतील तर सांगा, झाकणाचं ओ-रिंग परत बसतं की नवं घालावं लागतं? नवं लागणार असेल तर माप हवंय, शनिवारी पेठेत चक्कर आहेच.