उपदेशासाठी शास्त्रभाग निवडताना

पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, ६६ पुस्तकांपैकी रविवारच्या उपासनेत कोणते उघडायचे, हा निर्णय पाळकाने, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूने, केवळ आपल्या आवडीवर सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. काही मंडळ्या (चर्च) तीन वर्षांच्या ठरावीक पाठक्रमाने, म्हणजे वाचनाच्या वेळापत्रकाने, चालतात. त्यात येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मत्तय, मार्क आणि लूक यांना एकेक वर्ष मिळते आणि योहान अधूनमधून येतो. काही पाळक एकच पुस्तक क्रमाने शेवटपर्यंत नेतात. १५३८ मध्ये जिनिव्हातून घालवून दिलेला धर्मसुधारक जॉन कॅल्विन १५४१ मध्ये परतला, तेव्हा उपदेश ज्या वचनापाशी थांबला होता तेथूनच त्याने तो पुढे सुरू केला.

क्रमाने जाण्याचा खरा लाभ हा, की नकोसे भाग टाळता येत नाहीत. आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात माप लहान करून खोट्या तराजूने फसवणाऱ्यांवर संदेष्टा तुटून पडतो. कोल्हापूरच्या ज्या शेतकरी कुटुंबांनी उसाच्या वजनातील काटामारी सोसली आहे, त्यांना हा अध्याय फोड करून सांगावा लागत नाही; तरीही तो व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येतो, याची मला खंत वाटते.

अर्थात, प्रसंग आला की क्रम बाजूला ठेवावा. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरल्यावर विलापगीत, म्हणजे बायबलमधील शोकगीतांचे पुस्तक, उघडणेच उचित होते. त्यासाठी पाळकाने आधी चिखल उपसणाऱ्यांच्या दारात उभे राहिलेले असावे. एरवी, वर्षारंभी वडीलमंडळासमोर (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांसमोर) गेल्या काही वर्षांत न उघडलेल्या पुस्तकांची यादी ठेवावी आणि निवड तिच्यातून करावी.