चार बोटे फिल्म

एका बाईंनी १२० मापाचा, फोटो काढून झालेला पण कधीच न धुतलेला रोल माझ्याकडे आणून दिला. तो त्यांच्या दिवंगत वडिलांच्या बॉक्स कॅमेऱ्यात सापडला होता आणि फिल्मसोबत गुंडाळलेल्या कागदावर ‘व्हेरिक्रोम पॅन’ हे नाव अजून वाचता येत होते. कोडॅकने १९५६ साली आणलेली ही कृष्णधवल फिल्म टिपलेले चित्र न धुताही दीर्घकाळ धरून ठेवते अशी तिची ख्याती आहे, त्यामुळे मला आशा वाटली. मात्र उष्णता, दमट हवा आणि निसर्गातला किरणोत्सर्ग यांमुळे फिल्मवरचे, प्रकाश न लागलेले चांदीच्या क्षारांचे कणही कालांतराने डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, काळे होऊ लागतात, आणि ही काळसर झाक म्हणजे फॉग व खरे चित्र यांतला भेद डेव्हलपरला पुरता करता येत नाही. वेळ वाढवली की दोन्ही गडद होतात, आणि झालेला फॉग फिक्सर, म्हणजे चित्र पक्के करणारे रसायन, काढून टाकत नाही.

म्हणूनच असा रोल सरळ टँकमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या प्रकाशबंद भांड्यात, घालणे मला मान्य नाही. आधी टोकाचा तुकडा धुऊन पाहावा लागतो, आणि त्यात रोलवरच्या आठ फोटोंपैकी शेवटच्याचा काही भाग जाऊ शकतो. हे मी स्पष्ट सांगितल्यावर बाई जरा थांबून म्हणाल्या, “बाकीचे सात वाचणार असतील तर कापा. पण घाई करू नका.”

ही फिल्म लाल प्रकाशही टिपते, त्यामुळे सेफलाइट, म्हणजे डार्करूममधला मंद लाल दिवा, न लावता सारे काम मिट्ट काळोखात केले. कागद उलगडत गेल्यावर फिल्मचे मोकळे टोक हाताला लागले. तिथून चार बोटे मोजून कात्री चालवली आणि उरलेला रोल पुन्हा घट्ट गुंडाळून प्रकाशबंद डब्यात ठेवला. एचसी-११० हे डेव्हलपर १ भागास ३१ भाग पाणी या प्रमाणात, २० अंश सेल्सिअसला, ५ मिनिटे वापरले. फिक्सरमधून निघालेला तुकडा सगळाच राखाडी होता, तरी एका बाजूला फ्रेमची सरळ कड आणि तिच्या आत थोडा अधिक काळा भाग दिसत होता. मला तेवढा पुरावा पुरेसा होता. उरलेल्या रोलसाठी, फॉग रोखायला म्हणून डेव्हलपरमध्ये थोडे बेंझोट्रायझोल घातले, आणि त्याने चित्राचीही गती मंदावते म्हणून वेळ ६ मिनिटे केली.

खरी कसोटी रीळ, म्हणजे टँकमध्ये फिल्म धरून ठेवणारी खाचांची चकती, भरताना लागली. इतकी वर्षे गुंडाळी होऊन पडलेली फिल्म खाचेत बसताच उसळून बाहेर येत होती; जोर लावला तर इमल्शनवर, म्हणजे चित्र धरणाऱ्या थरावर, ओरखडा पडणार आणि बोटे फिरवत राहिलो तर घामाचे डाग पडणार. दुसऱ्या टोकाची चिकटपट्टीही अगदी सावकाश सोडवावी लागली, कारण ती झटक्यात ओढली की अंधारात निळसर ठिणगीसारखा प्रकाश पडतो आणि त्या क्षणिक प्रकाशानेही फिल्मवर डाग उमटू शकतो.

टँकमधली पुढची कामे नेहमीप्रमाणे पार पडली. फिक्सिंग पूर्ण झाल्यावर रीळ उजेडात धरली, तेव्हा गाभ्याकडच्या, म्हणजे सुरुवातीच्या फ्रेममध्ये माणसे स्पष्ट ओळखू येत होती. बाहेरच्या वेटोळ्यांत मात्र कडांनी काळिमा शिरला होता. निगेटिव्ह फिकी असल्याने प्रिंटसाठी जास्त कॉन्ट्रास्टचा कागद घ्यावा लागला. कापलेला तुकडाही नीट धुऊन, वाळवून, आठव्या फ्रेमसोबत त्याच पाकिटात ठेवला आणि पाकिटावर डेव्हलपर, तापमान व वेळ लिहून ते बाईंच्या हाती दिले.