मुकादमाची वही आणि माझं हजेरीपत्रक

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमची झेडपीची शाळा, सातवीपर्यंत, चार शिक्षक, आणि मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडं. गावाचं नाव सांगत नाही, सांगून काही फरक पण पडत नाही, आजूबाजूची सगळी गावं अशीच. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला सांगली-कोल्हापूर नाहीतर बेळगावकडं, आणि आईबापाच्या मागं लेकरं. मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा पाचवीचं पोरगं जोडाक्षर विसरलेलं असतं पण ट्रॅक्टर रिव्हर्स घेऊन दाखवतं.

यावर उपाय म्हणजे हंगामी वसतिगृह. बाहेरच्यांना वाटतं वसतिगृह म्हणजे बिल्डिंग, कॉट, गाद्या. तसलं काही नाही. लेकरू आजी-आजोबांकडं नाहीतर चुलत्याकडं झोपायचं आणि दोन वेळचं जेवण शाळेत. चालवायचं शाळा व्यवस्थापन समितीनं. कायद्यानं ह्या एसएमसीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, अध्यक्ष पालकच आणि सचिव मुख्याध्यापक, म्हणजे मी. कागदावर लई भारी समिती. खरं तर सह्यांसाठी रजिस्टर घरोघर फिरतं आणि बायांच्या सह्या नवरे करतात, हे माझ्याही शाळेत चालायचं, खोटं कशाला बोलू.

आमचे एसएमसीचे अध्यक्ष आहेत मुकादम. म्हणजे जो माणूस टोळी घेऊन जातो तोच लेकरं गावात राहावीत म्हणून नेमलेल्या समितीचा अध्यक्ष. तालुक्याला मीटिंगमध्ये हे सांगितलं की सगळे हसतात. मी मुद्दाम त्यांना उभं केलं होतं. कारण सरळ आहे. पालकांना विचारलं की "यंदा नाही जायचं सर" हेच उत्तर, आणि ते खोटं बोलत नसतात, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, हातात पडेपर्यंत त्यांचंच ठरलेलं नसतं. मुकादमाच्या वहीत मात्र ऑगस्टपासून सगळं लिहिलेलं असतं. कोणाचा कोयता, किती उचल, कुठला कारखाना, कधी निघायचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. चौदा-पंधरा वर्षांची पोरगी बऱ्याचदा त्या अर्ध्या कोयत्यात मोजली जाते. ही वही वाचायला मिळाली की माझी स्थलांतराची यादी अशी तयार होते की आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, कोणाची होत नाही. याचा मला अभिमान आहे. बाकीचे शिक्षक लिंक आली की अंदाजे आकडे भरतात आणि मग वसतिगृहाच्या पहिल्या पंगतीला यादीतली निम्मी लेकरं कर्नाटकात असतात.

2024 ला विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं म्हणून आमच्या टोळ्या थांबल्या. एरवी ज्यांना कोणी विचारत नाही त्यांच्या दारात तेव्हा गाड्या. मतदान झालं आणि 21 ला रात्री टोळी हलली. दोन ट्रॉल्या, त्यात कोपीचे, म्हणजे फडावर राहायच्या झोपडीचे, बांबू, ताडपत्री, बाजा, पिठाची पोती, कोंबड्या, आणि सगळ्याच्या वर लेकरं. मी यादी घेऊन, अध्यक्ष बॅटरी घेऊन. यादीत 31 नावं, 23 लेकरं मागं ठेवायचं ठरलेलं, बापांनी संमतीपत्रावर सह्या केलेल्या. उरलेल्या आठांना शिक्षण हमी कार्ड हातात दिलं, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवता येतं, किती दाखवतात ते सोडा. तरी ऐनवेळी लेकरं ट्रॉलीत सापडतात, आईला धरून बसलेली. एकेक नाव घेऊन उतरवायचं, रडारड, आजीच्या हातात द्यायचं, पुढचं नाव.

सहावीतली एक पोरगी. वर्गात एक नंबर म्हणणार नाही, पण वाचायचं वेड, पुडीचा कागद पण वाचणार. तीन वर्षं झाली दर हंगामाला जायची. तिच्या बापाच्या मागं मी दोन महिने लागलो होतो, आणि अध्यक्षांनी शब्द टाकला म्हणून तो तयार झाला. पोरगी लगेच उतरली, रडली पण नाही. आई ट्रॉलीतच उभी, कडेवर पावणेदोन वर्षांचं पोरगं. ती म्हणाली, "सर, तिला ठिवा. मंग याला कोन सांभाळायचं?"

मी हसलो. म्हणालो, "याला पण ठेवा की, आजी आहे." आता आठवलं की अंगावर काटा येतो.

ती म्हणाली, "म्हातारीला चुलीतला जाळ दिसत न्हाई, ती याच्या मागं कुठं पळल?" तेवढ्यात ट्रॅक्टर सुरू झाला, अध्यक्ष ओरडले चला चला, आणि मी पुढच्या ट्रॉलीकडं गेलो कारण यादीतलं एक नाव अजून सापडत नव्हतं.

वसतिगृहाचा प्रस्ताव आम्ही सप्टेंबरात पाठवला होता, मंजुरी आली डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. दरवर्षी हेच. ऊस काही मंजुरीसाठी थांबत नाही, पण वरच्या ऑफिसात हे कोणाला सांगणार? मधल्या तीन आठवड्यांत 23 लेकरांना जेवू घातलं ते बचत गटाच्या बायांनी. घरटी दोन किलो पीठ, डाळ मी दुकानातून उधार आणली, आणि एक म्हातारी रोज तव्यावरची मिरची कुटून आणायची, न सांगता. समाज सहभाग, समाज सहभाग म्हणून ट्रेनिंगमध्ये स्लाइड दाखवतात ना, तो माझ्या डोळ्यांसमोर ह्या मिरचीचा आहे.

पोरगी मार्चपर्यंत दोन दिवस गैरहजर. दोन. इंग्रजी वाचायला लागली. मी शिक्षण परिषदेत फोटोसकट तिची केस मांडली, टाळ्या पडल्या, केंद्रप्रमुखांनी ग्रुपवर टाकलं, अंगठेच अंगठे.

तो हंगाम लवकर आटपला, मार्चच्या मध्यावर टोळी परत. अध्यक्ष हिशोब करायला माझ्या ऑफिसात बसले, टेबल-फॅन तिथंच आहे म्हणून. एक पान काढून वही माझ्याकडं फिरवली. "सर, ही तुमच्या शाळेची फी बगा."

पोरीच्या बापाचं पान होतं. कोयत्याचा हिशोब नवऱ्याच्या नावावर असतो, बाईचं नाव कुठंच नाही, पण बाईच्या खाड्याला, म्हणजे कामाला न गेलेल्या दिवसाला, लाल गोल. मी मोजले. 17. आदल्या वर्षी, म्हणजे पोरगी तिकडं असताना, 4.

ज्यांना ऊसतोडीचा फड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गडी तोडतो, बाई पाचट काढून मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहून गाडी भरते. तोडणीचा दर 2024 ला वाढून टनाला 366 रुपये झाला होता, जोडीचं दिवसाला दोन-अडीच टन होतं, तेही दोघं पहाटेपासून राबले तर. बाई बसली की गडी एकटा गाडी भरू शकत नाही, म्हणजे दोघांचाही दिवस बुडतो. वर खाड्याचा दंड वेगळा. पोरगं आजारी पडलं, खाडा. पोरानं कोपीत चुलीवरचं पातेलं ओढलं, पाय भाजला, सहा दिवस खाडे. पाय बरा झाला, डाग आहे. आधी हे सगळं ती पोरगी सांभाळायची, आठ-नऊ वर्षांची असल्यापासून, आधी मधल्या बहिणीला, मग याला. उचल फिटली नाही, बाकी अंगावर राहिली, म्हणजे पुढच्या हंगामाला जायचं बंधन आलं.

मी पहिल्यांदा अध्यक्षांवरच चिडलो. म्हणालो दंड तुम्हीच लावता ना? ते म्हणाले, "मला कारखाना लावतो." अर्धं खरं. त्यांचं दुमजली घर काय कारखान्यानं बांधून दिलेलं नाही. पण तो 17 चा आकडा खोटा नव्हता, आणि शाळेच्या हजेरीत आणि त्या वहीत तारखा लावून बघितल्या, मी रात्री घरी बसून बघितल्या, तर त्या 17 दिवसांत माझ्याकडं पोरीच्या नावापुढं 15 दिवस हजर, दोन रविवार.

एप्रिलच्या मीटिंगला मी हे बोललो. सगळे गप्प. मग एक सदस्य बाई, त्यांचाच बचत गट, त्या म्हणाल्या, "सर, संमतीपत्रावर आईची सही कुठंय?" फॉर्मवर पालकाची सही अशी एकच ओळ असते. 23 फॉर्म, 23 बाप. त्या बाईंनी त्या वर्षात मीटिंगमध्ये तोंड उघडलेलं मी पहिल्यांदा बघितलं, आणि मी विचारलं तरी कधी होतं.

आता यंदा परत यादी करतोय. सप्टेंबरच्या पावसानं कापूस-सोयाबीन गेलं, त्यामुळं दरवर्षी न जाणारे पण जाणार, मुकादमाची वही जाड झालीय. मी यादीत दोन रकाने वाढवले, सहा वर्षांखालची भावंडं आणि आईची सही. केंद्रावर विचारलं हे कोणत्या नमुन्यात आहे? कोणत्याच नाही. आणि रकाना भरून पुढं काय करायचं तेही मला नीट माहीत नाही, वसतिगृहाचा पैसा सहा वर्षांखालच्या लेकरावर खर्च करता येत नाही. तालुक्याला मुलींचं सरकारी वसतिगृह आहे असं लोक सुचवतात, त्यानं पोरीची सोय होईल, या पोराची कशी होणार?

परवा त्या पोरीची आई शाळेच्या गेटवर आली, पोरगं बोटाला धरून. पोरगी आता सातवीत. मला वाटलं भांडायला आलीय. तिनं विचारलं, "अंगनवाडीत कितव्या वर्साला घेत्यात?"

म्हणालो, तीन पूर्ण लागतात.

तिनं बोटांवर मोजलं. "जानेवारीत हुतील."

"टोळी कधी निघतीय?"

"दिवाळी झाली की लगीच."